आजाराचा माग नियमापर्यंत कसा काढावा

राज्य शासनाने नेमलेल्या, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने २०१९ साली बीड जिल्ह्यातील ऊसतोड महिलांची माहिती पुढे आणली, तेव्हा पाहणीतील ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ महिलांचे गर्भाशय काढलेले असल्याचे दिसले. हे प्रमाण जवळजवळ १७ टक्के होते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या चौथ्या फेरीत देशातील १५ ते ४९ वयाच्या महिलांमध्ये ते सुमारे ३ टक्के होते. दोन्ही पाहण्यांतील महिलांची वये तंतोतंत जुळत नाहीत हे मान्य केले, तरी एवढे अंतर केवळ वयाने उलगडत नाही. एका जिल्ह्यातील एकाच कामात असलेल्या बायकांच्या शरीरात वेगळा दोष असतो असे कोणी म्हणणार नाही. दोष शरीराबाहेर, म्हणजे कामाच्या, मजुरीच्या आणि उपचारांच्या नियमांत शोधावा लागतो. तो कसा शोधावा, हे या लेखात क्रमाने सांगितले आहे. ग्रामपंचायतीचे सदस्य, आशा सेविका, शिक्षक, समाजकार्याचे विद्यार्थी आणि स्थानिक पत्रकार यांना ही पद्धत आपापल्या गावात वापरता येईल. उदाहरण मुख्यतः ऊसतोडीचे घेतले आहे. वीटभट्टी, खाण किंवा शहरातील वस्ती यांनाही ती थोड्या फरकाने लागू पडते.

तुलना कोणाशी करायची, हे आधी ठरवा

विषमता ही दोन गटांमधील गोष्ट असल्याने एकट्या सरासरीवरून ती कळत नाही. नमुना नोंदणी पद्धतीनुसार २०२० साली महाराष्ट्राचा अर्भक मृत्युदर (एक वर्षाखालील बाळांचा) हजार जिवंत जन्मांमागे १६ होता आणि देशाचा २८. हा आकडा राज्यासाठी समाधानाचा असला, तरी त्यात मुंबईचा उपनगरी फ्लॅट आणि धडगावचा पाडा एकत्र मिसळलेले असतात. म्हणून काम सुरू करतानाच आपण कोणत्या दोन गटांची तुलना करणार आहोत ते लिहून ठेवावे: हंगामी स्थलांतर करणारी कुटुंबे आणि गावात राहणारी कुटुंबे, गावठाण आणि तांडा, भूमिहीन आणि बागायतदार. जात आणि जमीन हे दोन प्रश्न टाळण्याकडे कल असतो, कारण ते विचारताना संकोच वाटतो. पण ते टाळले तर उरलेली सारी मेहनत वाया जाते, असे माझे स्पष्ट मत आहे.

लहान गावात दर काढण्याचा मोह आवरावा. दोन हजार लोकसंख्येच्या गावात राज्याच्या सध्याच्या जन्मदराने वर्षाला साधारण तीस बाळे जन्मतात. त्यांपैकी एक दगावले की दर हजारी ३३ होतो आणि एकही दगावले नाही की शून्य होतो. या दोन आकड्यांवरून गाव सुधारले की बिघडले हे सांगता येत नाही. अशा ठिकाणी तीन ते पाच वर्षांच्या नोंदी एकत्र कराव्यात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या कार्यक्षेत्रातील सर्व गावे मिळून पाहावे. मृत्यूंची संख्या थोडी असेल तर दराऐवजी प्रत्येक मृत्यूची हकिकत नीट लिहून घेणे अधिक उपयोगी ठरते.

आणखी एक खुबी ध्यानात असावी. समजा, एका गटात हजारी ६० आणि दुसऱ्यात ३० मृत्यू होते आणि काही वर्षांनी ते अनुक्रमे ४० आणि १५ झाले. दोन्ही गटांची स्थिती सुधारली आणि अंतर ३० वरून २५ वर आले; पण पहिल्या गटातील बाळाचा धोका आधी दुप्पट होता, तो आता अडीच पटींहून अधिक झाला. अंतर आणि पट या दोन्ही गोष्टी मांडल्या नाहीत, तर ज्याला जे सोयीचे तेच तो सांगत राहतो.

यादीत कोण नाही, हे पाहा

ऊसतोड कामगारांच्या टोळ्या साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात गाव सोडतात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलच्या सुमारास परततात. या काळात अंगणवाडीतील मुलांचे वजन घेतले, तर स्थलांतरित मुले त्यात येतच नाहीत. परिणामी जानेवारीतील कुपोषणाचा तक्ता जुलैतील तक्त्यापेक्षा चांगला दिसू शकतो, आणि त्यात कोणाचीही लबाडी नसते. ज्यांची प्रकृती सर्वांत नाजूक, ती मुले ऊसतोडीच्या फडावर असतात, एवढेच. म्हणून अंगणवाडीच्या नोंदीत केवळ तीव्र आणि मध्यम कुपोषित बालकांची संख्या पाहू नये. नोंदलेली बालके, हजर बालके आणि प्रत्यक्ष वजन घेतलेली बालके हे तीन आकडे महिन्यागणिक शेजारी शेजारी मांडावेत. ही माहिती सहज मिळाली नाही, तर माहितीच्या अधिकाराखाली दहा रुपये शुल्क भरून मागता येते आणि तिचे उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे. अर्जात ‘कुपोषणाची सर्व माहिती द्यावी’ असे मोघम न लिहिता ‘मागील तीन वर्षांतील ऑक्टोबर ते सप्टेंबर या प्रत्येक महिन्यातील नोंदलेल्या, हजर असलेल्या व वजन घेतलेल्या बालकांची संख्या’ असे नेमके लिहावे.

हीच बाब ग्रामसभेची. आपल्याकडे ग्रामसभा प्रामुख्याने २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबरला भरतात. त्यांपैकी २६ जानेवारीच्या सभेला ऊसतोड कुटुंबे गावात नसतात, आणि २ ऑक्टोबरच्या सुमारास त्यांची निघण्याची तयारी चालू असते. त्यामुळे पाहणी मे ते ऑगस्ट या काळात करून तिचे निष्कर्ष १५ ऑगस्टच्या सभेत मांडणे हाच व्यवहार्य क्रम आहे. माणसे गावात असतानाच त्यांच्याविषयीचा निर्णय व्हायला हवा.

पाहणीत गर्भाशयाची शस्त्रक्रिया, पाळीचे त्रास किंवा गर्भपात यांविषयी विचारायचे असेल, तर विचारणारी व्यक्ती महिलाच असावी, बोलणे घरात किंवा बाईला मोकळे वाटेल अशा ठिकाणी व्हावे आणि कागदावर नाव लिहू नये. ग्रामसभेत केवळ संख्या सांगावी. लहान वस्तीत चार-पाच जणींचीच संख्या असेल आणि त्यावरून त्या ओळखू येणार असतील, तर तीही सांगू नये.

शरीरापासून नियमापर्यंत

आता मुख्य काम. एक प्रत्यक्ष घडलेली हकिकत घ्यावी आणि ‘हे कशामुळे झाले?’ हा प्रश्न उत्तर एखाद्या नियमाशी, करारनाम्याशी किंवा अंदाजपत्रकाच्या ओळीशी येऊन ठेपेपर्यंत विचारत राहावे. उत्तर ‘अज्ञान’, ‘अंधश्रद्धा’ किंवा ‘निष्काळजीपणा’ असे आले, तर आपण मध्येच थांबलो आहोत असे समजावे.

ऊसतोड महिलेची हकिकत साधारण अशी उलगडते. तिला अंगावरून पांढरे जाणे, ओटीपोटात दुखणे, कंबर धरणे हे त्रास असतात. ते का वाढतात? कारखान्याजवळच्या मोकळ्या जागेत कोपी (तात्पुरती झोपडी) घालून राहताना स्वच्छ पाणी, न्हाणी आणि शौचालय नसते, आणि पाळीच्या दिवसांतही उसाच्या जड मोळ्या डोक्यावर घेऊन गाडीत भराव्या लागतात. मग ती दवाखान्यात का जात नाही? कारण गेल्यास खाडा पडतो, त्या दिवसाची मजुरी जाते आणि वर दंडही कापला जातो. खाड्याचा दंड ती का मान्य करते? कारण हंगामाआधी घेतलेली उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, फेडायची असते, आणि मजुरी दिवसावर नसून टनावर असल्याने कामाचा खोळंबा थेट कर्जात भर घालतो. शिवाय उचल एकट्या माणसाला मिळत नाही, ती कोयत्याला मिळते, आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. बायको आजारी पडली की कोयता मोडतो. हंगाम संपल्यावर गावी परतलेल्या बाईला खासगी दवाखान्यात ‘पिशवी काढून टाकली की त्रास कायमचा जाईल’ असे सांगितले जाते, तेव्हा त्या सल्ल्यात तिला पुढच्या हंगामात खाडा न पडण्याची हमी दिसते. समितीने नोंदलेल्या बहुतेक शस्त्रक्रिया खासगी रुग्णालयांतच झाल्या होत्या.

येथपर्यंत आल्यावर सगळा दोष त्या डॉक्टरवर टाकून थांबण्याची इच्छा होते. डॉक्टरची जबाबदारी मोठी आहे यात शंका नाही, आणि म्हणूनच बीडमध्ये अशा शस्त्रक्रियेपूर्वी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेण्याचा नियम आला; सर्वोच्च न्यायालयानेही २०२३ साली अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रियांविषयीच्या मार्गदर्शक सूचना सर्व राज्यांनी लागू कराव्यात, असा आदेश दिला. परंतु परवानगीच्या नियमाने शस्त्रक्रिया कमी झाली, तरी पोटदुखी राहते, खाडा राहतो, पाण्याविना कोपीही राहते. म्हणून आणखी एकदा विचारावे: दंड, उचल आणि पाण्याविना कोपी हे चालते कसे? उत्तर असे की, ज्या कारखान्यासाठी ऊस तोडला जातो, तो स्वतःला या मजुरांचा मालक मानत नाही. मजुरांना मुकादम आणतो, करार मुकादमाशी होतो आणि मजुराच्या हातात बहुधा कोणताच कागद नसतो. मालक निश्चित नसला की पगारी रजा, आजारपणाचा विमा, प्रसूती रजा, कामाच्या ठिकाणचे शौचालय आणि पाळणाघर हे हक्क कोणाकडे मागायचे, हेच ठरत नाही. कोपीतील संसर्गाचा माग अखेर ‘मालक कोण?’ या प्रश्नापाशी पोहोचतो.

हा प्रश्न नवा नाही. १९२८ साली मुंबई विधिमंडळात स्त्री कामगारांना प्रसूतीच्या काळात विश्रांती आणि भत्ता देण्याचे विधेयक चर्चेला आले, तेव्हा डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्याला पाठिंबा दिला आणि स्त्रीच्या श्रमाचा लाभ ज्याला होतो त्या मालकाने हा भार निदान काही अंशी उचलणे न्याय्य आहे, असा मुद्दा मांडला. त्यातून १९२९ चा मुंबईचा कायदा आला आणि कारखान्यांतील स्त्रियांना तो लागू झाला. पुढे १९६१ चा केंद्रीय कायदा झाला आणि २०१७ साली रजा २६ आठवड्यांपर्यंत वाढली. कार्यालयात काम करणाऱ्या स्त्रीसाठी हे मोठे पाऊल होते. पण ज्यांचा मालकच कागदावर नाही, त्यांच्यासाठी सव्वीस आठवडे आणि शून्य आठवडे यांत फरक पडला नाही, आणि दोन गटांमधले अंतर मात्र वाढले. चांगल्या धोरणानेही विषमता वाढू शकते ती अशी.

एकच धागा उलगडून थांबू नये. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातील २० ते २४ वयाच्या महिलांपैकी सुमारे २२ टक्के महिलांचे लग्न अठराव्या वर्षाआधी झालेले होते. बीड जिल्ह्यात हे प्रमाण ४० टक्क्यांहून अधिक होते. आईवडील सहा महिने गावाबाहेर असताना वयात आलेली मुलगी कोणाजवळ ठेवायची, ही चिंता आणि लग्न लावले की नवा कोयता तयार होतो, हा हिशेब या दोन्ही गोष्टी त्यामागे काम करतात. लवकर लग्न, लवकर बाळंतपण, कमी वजनाचे बाळ ही पुढची साखळी आशा सेविकांना तोंडपाठ आहे. येथे आरोग्याचा निर्णय शिक्षण विभागाच्या हातात असतो: स्थलांतरितांच्या मुलांसाठीचे हंगामी वसतिगृह टोळ्या निघण्याआधी सुरू होते की महिना-दोन महिन्यांनी, त्यात मुलींची सोय आहे का आणि मोठ्या वर्गांतील मुलींना प्रवेश आहे का, यावर एखाद्या मुलीचे लग्न टळते किंवा होते.

शहरातील एक उदाहरणही येथे सांगणे आवश्यक आहे, म्हणजे ही पद्धत फक्त ग्रामीण प्रश्नांची आहे असा समज होणार नाही. मुंबईत गोवंडी-मानखुर्द परिसरातील लल्लूभाई कंपाउंड, नटवर पारेख कंपाउंड आणि पीएमजी कॉलनी या पुनर्वसन वसाहतींचा ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने अभ्यास केला. ज्या इमारती एकमेकींना खेटून उभ्या आहेत आणि ज्यांच्या खालच्या मजल्यांवर ऊन व वारा पोहोचत नाही, तेथे क्षयरोगाचा संबंध घराच्या रचनेशी असल्याचे त्यात दिसले. झोपडीतून पक्क्या घरात गेलेल्या कुटुंबाला आजार घरातच भेटला. दोन इमारतींमध्ये किती अंतर हवे, हे विकास नियंत्रण नियमावलीत लिहिलेले असते, आणि पुनर्वसनाच्या इमारतींना त्यात सवलत दिली गेली होती. क्षयरोगाच्या गोळ्या आरोग्य विभाग देतो, पण त्या खोलीत येणारा उजेड नगररचनेच्या नियमाने ठरतो. आपल्या वस्तीविषयी लिहिताना हा नियम क्रमांकासह शोधून नोंदवावा. ‘घरे कोंदट आहेत’ एवढ्या वाक्याने कोणतेही कार्यालय हलत नाही.

नियम कोणाच्या हातात आहे

साखळी लिहून झाली की प्रत्येक दुव्यापुढे तो बदलण्याचा अधिकार कोणाकडे आहे ते लिहावे. मालक-मुकादम संबंध बदलणे हे राज्य शासन आणि कायदेमंडळाचे काम आहे. टनामागची मजुरी साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यातील करारात ठरते. कारखान्याच्या आवारात पाणी आणि शौचालय देण्याचा निर्णय कारखान्याचे संचालक मंडळ आजही घेऊ शकते, आणि बरेच कारखाने सहकारी असल्याने ऊस उत्पादक सभासद वार्षिक सभेत तो मागू शकतात. ऊसतोड कामगारांसाठी स्थापन झालेल्या गोपीनाथ मुंडे महामंडळासाठी गाळपाच्या प्रतिटनामागे कारखान्यांकडून रक्कम घेण्याची व्यवस्था आहे. त्या पैशातून आपल्या तालुक्यात काय झाले, हा प्रश्न कोणीही नागरिक विचारू शकतो.

ग्रामपंचायतीच्या हातातही बरेच काही असते. स्वतःच्या उत्पन्नातील १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर, १५ टक्के मागासवर्गीयांसाठी आणि ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करणे अपेक्षित आहे. ‘आमचा गाव, आमचा विकास’ आराखड्यात निघण्यापूर्वीची आरोग्य तपासणी, गरोदर महिलांची यादी आणि माता-बाल संरक्षण कार्ड सोबत दिल्याची खातरजमा या बाबी घालता येतात. शिधापत्रिकेवरील धान्य आता दुसऱ्या ठिकाणीही उचलता येते. पण आजी-आजोबा आणि लहान मुले गावी राहिली असतील, तर कोणाचा वाटा कोठे उचलायचा हे निघण्याआधी दुकानदाराशी बोलून ठरवावे लागते. महिला व बालविकास विभागाने स्थलांतरित माता-बालकांसाठी माग ठेवणारी संगणकीय प्रणाली सुरू केली आहे. अंगणवाडी सेविकेने तेथे नोंद केली, तर मूल जेथे गेले तेथील अंगणवाडीत त्याला आहार मिळण्याचा मार्ग मोकळा होतो.

योजना तपासताना ती कोणाला वगळते, ते आधी वाचावे. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्याने गरोदर आणि स्तनदा मातांना किमान ६,००० रुपयांचे मातृत्व साहाय्य देण्याचे ठरवले. २०१७ च्या मातृवंदना योजनेने मात्र पहिल्या अपत्यापुरते ५,००० रुपये दिले आणि २०२२ पासून दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपयांची भर घातली. म्हणजे दुसऱ्या बाळंतपणात मुलगा झालेल्या मजूर बाईला या योजनेतून काही मिळत नाही, आणि बाळंतपणानंतर लवकर कामावर परतण्याची सक्ती तिलाच सर्वांत जास्त असते. याउलट राज्याने २०१५ साली सुरू केलेली अमृत आहार योजना आदिवासी भागातील गरोदर आणि स्तनदा मातांना रोज एक वेळचे ताजे जेवण देते, आणि त्यात अपत्याचा क्रमांक आड येत नाही.

मागणी लिहिताना जागेचाही विचार करावा. जामखेड परिसरात १९७० पासून काम करणाऱ्या रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर दांपत्याने दुष्काळात कूपनलिका घेताना त्या दलित वस्तीत बसतील असे पाहिले, जेणेकरून पाण्यासाठी सगळ्या गावाला त्या वस्तीत यावे लागेल. तीच विहीर, तेवढाच खर्च. पण जागा बदलल्याने पाण्याचा अधिकार बदलला. दवाखान्याचे फिरते पथक कोठे थांबते, अंगणवाडीची नवी खोली कोठे बांधली जाते, नळाचे शेवटचे टोक कोणत्या वस्तीत येते, हे प्रश्न त्याच प्रकारचे आहेत. माझ्या मते ग्रामपंचायतीला सर्वांत कमी खर्चात करता येणारा बदल हाच असतो, आणि सर्वांत जास्त विरोधही त्यालाच होतो.

ग्रामसभेचा ठराव एका पानाचा असावा. त्यात मोजलेली गोष्ट, तिच्या मागचा नियम, तो बदलणारे कार्यालय, आणि मागणीची मुदत एवढेच यावे. प्रत्येक कार्यालयाला वेगळे पत्र द्यावे आणि पोच घ्यावी.

बदल झाला का, हे कसे पाहावे

फेरमोजणी त्याच महिन्यात, त्याच प्रश्नांनी आणि त्याच दोन गटांत करावी. जुलैची पहिली पाहणी आणि जानेवारीची दुसरी पाहणी यांची तुलना केली, तर पुन्हा गैरहजर मुलांचीच चूक होईल.

श्रेय वाटताना सावध राहावे. राज्यात २००५ साली कुपोषण कमी करण्यासाठी राजमाता जिजाऊ मिशन सुरू झाले आणि २००५-०६ ते २०१२ या काळात दोन वर्षांखालील मुलांमधील खुजेपणाचे (वयाच्या मानाने उंची कमी असण्याचे) प्रमाण ३९ टक्क्यांवरून सुमारे २३ टक्क्यांवर आले. त्या वेळी महाराष्ट्राचे फार कौतुक झाले. त्यानंतर पाच वर्षांखालील मुलांमध्ये हे प्रमाण २०१५-१६ साली ३४ टक्के आणि २०१९-२१ साली ३५ टक्के नोंदले गेले. दोन वर्षांखालील आणि पाच वर्षांखालील मुलांचे आकडे थेट जोडता येत नाहीत, पण पाच वर्षांखालील आकडा दोन फेऱ्यांमध्ये जागचा हलला नाही, हे निश्चित. त्यामुळे एका हंगामात वजने सुधारली म्हणून ती आपल्या ठरावामुळेच सुधारली, असे लिहू नये. त्या वर्षी पाऊस कसा होता, गावातच रोजगार हमीचे काम मिळाल्याने किती कोयते घरी राहिले आणि उचल किती होती, हे त्याच तक्त्यात शेजारी नोंदवावे.

पट्टा पडून टोळ्या परतल्या की पहिल्या पंधरवड्यातच मुलांची वजने आणि महिलांची रक्ततपासणी करून घ्यावी, कारण गावच्या जेवणाने आणि विश्रांतीने महिन्याभरात फडावरच्या सहा महिन्यांच्या खुणा पुसट होऊ लागतात. त्याच वेळी प्रत्येक कोयत्याला तीन गोष्टी विचाराव्यात: किती खाडे पडले, त्यांतील किती आजारपणाचे होते, आणि त्यांसाठी किती रुपये कापले गेले. हे तीन आकडे पुढच्या १५ ऑगस्टच्या सभेत पहिल्या ओळीत यावेत.